कवीने आपले पुस्तक कसे न्यावे? : जव्हार–मोखाड्यातील नवलेखकाच्या संदर्भात

मराठी साहित्यव्यवहारात लेखकाने आपले पुस्तक आपणच वाचकापर्यंत नेणे ही गोष्ट अजूनही काहीशी कमीपणाची मानली जाते. लेखकाने लिहावे, प्रकाशकाने छापावे, समीक्षकाने दखल घ्यावी आणि वाचकाने शोध घेत यावे, असा एक क्रम आपण गृहीत धरलेला असतो. हा क्रम फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आला आहे, आणि त्यांच्याही बाबतीत तो वाटतो तितका आपोआप घडलेला नाही. साठोत्तरी काळात भालचंद्र नेमाडे यांनी 'वाचा' या अनियतकालिकातील लेखातून लेखकाचा 'लेखकराव' होण्याच्या प्रक्रियेवर कोरडे ओढले. त्यानंतर लेखकाच्या प्रत्येक सार्वजनिक हालचालीकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याला जडली. नेमाड्यांचा रोख प्रतिष्ठेच्या मागे लागून लेखन गमावणाऱ्या लेखकावर होता. वाचक शोधत निघालेल्या लेखकावर तो नव्हता. हा फरक आपण अध्यापक मंडळी वर्गात सांगतो. नव्या लेखकाशी वागताना मात्र तो विसरतो.

दुसऱ्या बाजूला शाहिरांची आणि जलसाकारांची परंपरा आहे. गाणे म्हणून झाल्यावर तिथेच आपल्या पदांची पुस्तिका विकणाऱ्या शाहिराला त्यात कधी संकोच वाटला नाही, आणि त्याचे पद त्यामुळे खोटेही ठरले नाही. तेव्हा स्वतःचा प्रचार आणि स्वतःशी इमान यांत मुळातच वैर आहे, असे मानायचे कारण नाही. हे वैर कोणत्या परिस्थितीत निर्माण होते, एवढाच खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील नव्याने लिहू लागलेल्या आदिवासी कवीच्या संदर्भात तपासून पाहण्याचा प्रयत्न आहे.

हे दोन तालुके निवडण्यामागे कारण आहे. वाचक येथील लेखकापर्यंत पोहोचण्याच्या आधी या प्रदेशाची प्रतिमा वाचकापर्यंत पोहोचलेली असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १९९२–९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला आणि 'जव्हार-मोखाडा' हे जोडनाम कुपोषणाचा पर्यायशब्द बनले. त्याच्या शेजारी दुसरी प्रतिमा उभी आहे, ती गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी काढलेल्या वारली चित्राची आणि तारप्याभोवती फेर धरलेल्या नाचाची. एक प्रतिमा करुणेची, दुसरी कौतुकाची. मुंबईला पाणी पुरवणारी वैतरणेची धरणे याच डोंगरपट्ट्यात आहेत आणि दिवाळीनंतर येथील कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ही तिसरी बाजू मात्र या दोन्ही प्रतिमांत सहसा मावत नाही.

काही वर्षांपूर्वी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरचा माझा एक माजी विद्यार्थी आपल्या कवितांची वही घेऊन माझ्याकडे आला. आश्रमशाळेत शिकलेला, पुढे शिक्षक होण्यासाठी पात्रता परीक्षा देत राहिलेला हा तरुण. कवितांत एस.टी.च्या डेपोत रात्र काढणारी माणसे होती, भट्टीवरून परत आल्यावर शाळेत नाव शोधणारी मुले होती, भ्रमणध्वनीला 'रेंज' मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसणारे तरुण होते. भुकेच्या कविता दोनच होत्या. तारपा एकाच ओळीत आला होता. एका प्रकाशकाने त्याला केलेल्या सूचना त्याने मला सांगितल्या. नावाच्या आधी 'आदिवासी कवी' असे छापावे; मुखपृष्ठावर तारपा असावा; भुकेच्या कविता आरंभी घ्याव्यात, आणखी चार-पाच लिहिता आल्यास उत्तम; बोलीतले शब्द वाढवावेत, म्हणजे 'अस्सल' वाटेल. छपाईचा खर्च अर्थातच कवीने करायचा होता. शेवटची अट त्याला फारशी टोचली नव्हती, कारण तशी रीत आहे हे त्याने ऐकले होते. बोलीतले शब्द 'वाढवावेत' या सूचनेने मात्र तो गोंधळला होता. आपण लिहिले ते अस्सल नाही काय, असा त्याचा साधा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी 'अस्सल' या शब्दाची थोडी फोड करावी लागते. आपण हा शब्द कधी लेखकाच्या जन्माबद्दल वापरतो, कधी त्याच्या अनुभवविश्वाबद्दल, कधी भाषेबद्दल. आणि क्वचितच लेखकाचे आपल्या संहितेशी जे नाते असते त्याबद्दल. बाजाराला पहिले तीन अर्थ सोयीचे वाटतात, कारण ते मुखपृष्ठावर दाखवता येतात. चौथा दाखवता येत नाही; तो संहितेत असतो किंवा नसतो. प्रकाशकाची सूचना पाहिली तर त्यात पहिल्या तिघांच्या नावाने चौथ्याचाच बळी मागितलेला दिसतो. अनुभव न घेता लिहिलेली चार-पाच भुकेची कविता, सवयीत नसलेला बोलीचा शब्द, हे सारे 'अस्सल' दिसण्यासाठी केलेले अस्सलपणाविरुद्धचेच वर्तन होय. या दोषात आपण अध्यापकही भागीदार आहोत. 'आदिवासी जाणीव स्पष्ट करा' असा प्रश्न परीक्षेत घालणारे आपण, डेपोत रात्र काढणाऱ्या माणसाच्या कवितेत ती जाणीव ओळखू शकू याची खात्री नाही.

असा साचा तयार होणे मराठीला नवे नाही. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. मुळात ही पुस्तके कोणत्याही साच्याला न जुमानणारी होती. 'ग्रंथाली'ने वाचक-चळवळ म्हणून सभासदांना स्वस्तात पुस्तके देण्याचा जो प्रयोग सत्तरच्या दशकात सुरू केला, त्याचा 'बलुतं' आणि 'उपरा' यांच्या प्रसाराशी जवळचा संबंध आहे. म्हणजे प्रसाराची नवी रीत आणि नवे लेखन यांनी एकमेकांना बळ दिले. परंतु पुढे आत्मकथनाला मागणी आहे हे लक्षात आल्यावर तशीच आत्मकथने मागितली जाऊ लागली, आणि दलित वा भटक्या समाजातील ज्या तरुणाला विनोदी कथा किंवा विज्ञानकथा लिहायची होती त्याची पंचाईत झाली. यशस्वी पुस्तकाने आपल्या मागून येणाऱ्यांची वाट मोकळीही केली आणि अरुंदही केली.

मध्यस्थाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. ती प्रामाणिक आहे, कारण तेंडुलकर तिच्यात ढसाळांच्या जगाचे जाणकार म्हणून बोलत नाहीत. ते जग पाहायला कवीबरोबर हिंडलेला अनभिज्ञ माणूस म्हणून बोलतात. आज कितीतरी पहिल्या संग्रहांच्या प्रस्तावनांत हे नाते उलटलेले असते. प्रस्तावनाकार जाणकार आणि कवी हा त्याचा नमुना! जव्हार-मोखाड्यातील मुलाने प्रस्तावना घ्यावी की न घ्यावी यापेक्षा ती कोणत्या जागेवरून लिहिली गेली आहे, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

या प्रदेशाविषयीचे सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक कोणते, असे विचारले तर बहुधा गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) असे उत्तर येईल. १९४५ ते १९४७ या काळात तलासरी, उंबरगाव, डहाणू या पट्ट्यात वेठीविरुद्ध झालेल्या वारल्यांच्या उठावाची ही कहाणी. साहित्य अकादमीने १९७२ साली तिचा गौरव केला. कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) ही कादंबरीही आदिवासी भागातील स्त्रियांचे जग मराठी वाचकासमोर आणते. दोन्ही लेखिका बाहेरून आलेल्या, आणि आपण बाहेरून आलो आहोत हे न लपवणाऱ्या. त्यांच्या लेखनाबद्दल कृतज्ञता बाळगूनही हे नोंदवावे लागते की, या पुस्तकांनी घडवलेला वाचक येथील कवीकडे येतो तेव्हा साक्षीदार शोधत येतो. त्याला घटनेची साक्ष हवी असते. कवीला मात्र कविता ऐकवायची असते.

वारली चित्रकलेचा इतिहास या संदर्भात फार बोलका आहे. ही चित्रे मुळात लग्नघरात कुडाच्या भिंतीवर काढली जात. सवाशिणी चौक काढीत, त्यात पालघाट देवी बसे, धवलेरी लग्नाची गाणी म्हणे. लग्न झाले की चित्राचे काम संपले. त्यावर सही करण्याचा प्रश्नच नव्हता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही कला बाहेर आणली, चित्रे कागदावर उतरू लागली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव देशापरदेशांत गेले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. मशे यांच्या चित्रांतील जाळे, वारूळ, माणसांची रांग ही त्यांची स्वतःची दृष्टी होती. लग्नाच्या चौकाची ती नक्कल नव्हती. बाजारात जाऊनही ते अस्सल राहिले ते या कारणाने. मात्र याच वाटेवर दोन गोष्टी घडल्या. स्त्रियांची सामूहिक, निनावी कला सहीनिशी बाजारात आली तेव्हा ती सही बहुतांशी पुरुषांची होती. आणि सहीच्या मागोमाग साचा आला : त्रिकोणाची माणसे, तारप्याचे वर्तुळ, आता कपबशीवर आणि साडीच्या काठावरही. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण आले. परंतु कोणते चित्र पाहून काढले आणि कोणते मागणीवरून, हे कोणतेही मानांकन ठरवू शकत नाही. कवीने शेजारच्या या कलेकडून शिकायचे ते एवढेच की, सही करायला हरकत नाही, परंतु सहीच्या आधी पाहणे आपले असले पाहिजे.

साहित्याच्या बाजूने हा प्रश्न याच जिल्ह्यात एकदा स्पष्टपणे मांडला गेला आहे. १९९० साली पालघर येथे पाचवे आदिवासी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते नंदुरबारकडील भिल्ल समाजातील कवी आणि कार्यकर्ते वाहरू सोनवणे. लिहिलेला शब्द म्हणजेच साहित्य ही व्याख्या आदिवासी समाजाला अपुरी पडते, गाणी, कथा, नाच आणि जगण्याची रीत यांनाही साहित्यविचारात जागा हवी, अशी भूमिका त्यांनी मांडली. त्यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाचे नाव आज अभ्यासक्रमामुळे विद्यार्थ्यांना माहीत असते, आणि त्यांची 'स्टेज' ही कविता व्यासपीठावर कोण आणि खाली कोण या प्रश्नाभोवतीच फिरते. प्रचार या शब्दाचा आदिवासी लेखकाच्या दृष्टीने पहिला अर्थ येथे सापडतो. आपल्याविषयी दुसऱ्याने बोलण्याची जी जागा रूढ झाली आहे, तेथे स्वतः उभे राहून बोलणे. याला आत्मस्तुती म्हणणारा वाचक मुळात त्या व्यासपीठाखाली कधी बसलेला नसतो.

या साऱ्याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण अरुण कोलटकर यांचे. जाहिरातक्षेत्रातील ते नामांकित ग्राफिक कलावंत होते. दुसऱ्याचा माल लोकांच्या नजरेत कसा भरवावा हे त्यांच्याइतके जाणणारे मराठी कवी विरळाच. 'जेजुरी'ला १९७७ चे राष्ट्रकुल काव्य-पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या. त्यानंतर पुढचे मराठी संग्रह यायला २००३ उजाडले. मधली पंचवीस वर्षे हा माणूस लिहीत होता, मित्रांना ऐकवत होता, मुलाखती टाळत होता. त्याच्याकडे टेलिफोनही नव्हता. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पारितोषिक २००५ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर मिळाले. कोलटकरांचे उदाहरण अनेकदा 'प्रसिद्धीपराङ्मुखतेचा' धडा म्हणून दिले जाते. ते मला अपुरे वाटते. पुस्तकाचा आकार, मुखपृष्ठ, अक्षरांची मांडणी यांत त्यांचे लक्ष असे. म्हणजे वस्तू म्हणून पुस्तक वाचकाच्या हातात कसे पडावे याविषयी ते उदासीन नव्हते. त्यांनी नाकारला तो फक्त स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचा देखावा. आणि हा नकार त्यांना परवडला, कारण पोट जाहिरातीवर चालत होते. मोखाड्यातील बेरोजगार तरुणाला कोलटकरांचा संयम सांगणे सोपे आहे. दरमहा पगार घेणाऱ्या अधिव्याख्यात्याने तो सांगणे तर फारच सोपे. तरीही त्यांच्या उदाहरणातील एक भाग कोणालाही घेता येतो : पुस्तकाचे रूप कवीने स्वतः ठरवणे. मुखपृष्ठावर तारपा छापायचा की एस.टी.चा थांबा, हा निर्णय कवितेचाच भाग आहे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. पदरचे पैसे घालण्याआधी तिची चौकशी करावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी अनुदानित ग्रंथालये झाली आणि मराठी पुस्तकांचा मोठा ग्राहक तीच आहेत. ग्रंथालयाच्या कपाटात गेलेले पुस्तक मात्र वाचले गेले असे समजू नये. भ्रमणध्वनीवर कविता वाचून ती यूट्यूबवर घालणे आता पाड्यावरूनही जमते. बोलीतील कवितेला तर छापण्यापेक्षा आवाज अधिक मानवतो. मात्र तेथेही कमरेला लुंगडे नेसून नि डोक्याला पिसे लावून वाचल्यास पाहणारे वाढतात, हे त्या मुलाला कोणीतरी सांगितलेच होते.

अधिक महत्त्वाची गोष्ट पहिल्या श्रोत्याची आहे. तारप्याच्या नाचात वादक मध्ये असतो आणि नाचणारे तारप्याकडे पाठ फिरवीत नाहीत. वादकही त्यांच्या पावलांकडे पाहून सूर बदलतो. कोकणा समाजात थाळीच्या नादावर कणसरीची कथा सांगणाऱ्याला ऐकणारे लोक ती कथा आधीच जाणत असतात. चूक झाली तर तिथल्या तिथे टोकतात. होळीनंतरच्या दिवसांत मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगे निघतात, आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. तेथे मुखवट्यामागे कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते, तरी सोंग खरे मानले जाते. या तिन्ही रीतींत कलावंत लोकांपुढे येतो, काही वेळा मोबदलाही घेतो, पण त्याची पारख करणारे त्याला ओळखणारे असतात. छापील पुस्तकाने हा दुवा तुटतो. पारख करणारा अनोळखी होतो, आणि मग ओळख पटवून देण्यासाठी खुणा चिकटवाव्या लागतात. माझ्या मते जव्हार-मोखाड्यातील कवीने आपले लेखन प्रथम येथेच वाचून दाखवावे. येथे जे टिकते त्याला बाहेर नेताना खुणांची गरज कमी पडते. जिथे हसणे अपेक्षित नव्हते तिथे पाड्यावरचे लोक हसले, तर ती समीक्षा कोणत्याही परीक्षणापेक्षा उपयोगी असते.

या म्हणण्यावर एक आक्षेप घेता येईल. पाड्यावरचा श्रोता म्हणजे काही न्यायाचा अंतिम काटा नव्हे. आश्रमशाळेतल्या अपमानाची कविता किंवा समाजातील दारूविषयीची कविता त्याला आवडणार नाही, आणि म्हणून ती लिहू नये काय? आक्षेप रास्त आहे. आपल्या लोकांना न आवडणारे लिहिण्याचा अधिकार कवीला असलाच पाहिजे. परंतु ते त्यांच्यासमोर वाचणे आणि त्यांच्या पाठीमागे दूरच्या वाचकाला ऐकवून टाळ्या घेणे यांत फरक आहे. पहिल्यात धोका कवी पत्करतो, दुसऱ्यात समाज.

त्या विद्यार्थ्याने शेवटी अनुदानाची वाट न पाहता मोखाड्याच्या बाजारात ओळखीच्या छपाईवाल्याकडून बत्तीस पानांची पुस्तिका काढली, तीनशे प्रती. नावाआधी काही छापले नाही. मुखपृष्ठावर पिंजऱ्याच्या खिडकीची एस.टी. होती, रेखाटन त्याच्या बहिणीचे, आणि तिचे नाव आतल्या पानावर दिले होते. बोहाड्याच्या रात्री त्याने चहाच्या टपरीशेजारी पुस्तिका मांडल्या. पहिल्या रात्री अकरा गेल्या. घेणाऱ्यांत दोघे शिक्षक होते, एक कंडक्टर होता, बाकीचे त्याच्या पाड्यावरचे, त्यांतल्या काहींना वाचता येत नव्हते. मी आणखी वीस प्रती आमच्या महाविद्यालयासाठी मागवल्या. आमच्या एका सहकाऱ्यांनी 'खावटी' या शब्दाला तळटीप का नाही असे विचारले. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांत सावकाराकडून धान्य उसने आणण्याची रीत म्हणजे खावटी, आणि पुढे सरकारी कर्जयोजनेलाही तेच नाव मिळाले. एकाच शब्दात दोन सावकार बसले आहेत, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले की, मग तर टीप हवीच. मी हे कवीला कळवले. दुसऱ्या आवृत्तीत टीप घालावी की कवितेतच आणखी एक ओळ यावी, याचा तो अजून विचार करतो आहे.